डिजिटल स्पीकर आणि दहा बाय सोळाचा हॉल

डॅक (डिजिटल सिग्नल अॅनालॉग करणारा भाग), डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) आणि आतल्या प्रत्येक लहान-मोठ्या स्पीकर युनिटचा स्वतंत्र अँप, म्हणजे अँप्लिफायर, ज्या पेटीतच असतो, त्या स्पीकरला बाहेरून जुळवायला फारसं काही लागत नाही, असं विकताना सांगतात. खोलीबद्दल कोणी बोलत नाही. नाशकातला गंगापूर रोड घ्या नाहीतर सिडको, फ्लॅटचा हॉल बहुधा दहा बाय सोळाच्या आसपास, छत साडेनऊ फुटांवर, खाली गुळगुळीत टाइल्स. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरून त्याला दुप्पट रुंदीने भागा, ५६ हर्ट्झ येतात. भिंतींमध्ये आवाज मागे-पुढे परतून हाच सूर घुमतो. छताचं उत्तर ५९. दोन्ही घुमणी शेजारी-शेजारी, आणि बेस गिटारची मोकळी ए तार ५५ची. तो एकच सूर अंगावर का येतो, ते इथे कळतं.

आधी जोडणी. एका पेटीतून दुसरीत जाणारी कोअॅक्सिअल केबल ७५ ओहमची हवी, एईएस (स्टुडिओतली डिजिटल जोडणी) असेल तर ११० ओहमची. घरात पडलेली लाल-पांढरी आरसीए वायर चालवून घेऊ नका, मधूनच ‘टक’ असा आवाज येऊन गाणं तुटतं. टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर स्पीकर गप्प बसतो किंवा फस्सकन खरखरतो. आणि पहिल्यांदा चालू करताना स्पीकरचा आवाज उणे ४० डीबीवर आणा, कारण बरेचदा सोर्स (टीव्ही किंवा प्लेअर) पूर्ण पातळीचा सिग्नल पाठवत असतो. दोन्ही पेट्या ‘डावी’वर सेट असणं ही नेहमीची चूक. ऐकून पटकन लक्षात येत नाही, फक्त गाणं चपटं वाटतं.

आता मोजमाप. यूएसबीचा मापनमाइक, त्याच्या सिरीयल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची चूक भरून काढणारी) आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. माइक छताकडे उभा धरणार असाल तर ९० अंशांची फाइल लोड करा, नाहीतर वरची पट्टी खोटी दिसते. बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर, फूटभर परिघात सात-आठ जागी, ७५ डीबीच्या आसपास स्वीप (खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज) घ्या आणि सरासरी काढा. स्पीकरमधलं जुनं करेक्शन, म्हणजे पूर्वी लावलेले फिल्टर, आधी बंद. पंखा बंद. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव चालू असताना तर माइक काढूच नये.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर खोलीच्या त्या दिशेची सगळी घुमणी तिथेच सर्वात जास्त. तीन फूट पुढे ओढा. घरातले कुरकुरतील, पण कुठल्याही फिल्टरपेक्षा यात जास्त फायदा आहे.

आलेखातले उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. वूफर (खालचे सूर वाजवणारं युनिट) मागच्या भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर परतलेला आवाज १२३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो. तिथे १० डीबी वाढवणं म्हणजे अँपकडून दहापट पॉवर मागणं, आणि खड्डा तसाच. त्यापेक्षा पेटी मागे सरकवून अंतर ४५ सेंटिमीटर करा. खड्डा १९० हर्ट्झकडे सरकतो, आणि तिथे भिंतीवरचं १०० मिलिमीटर रॉकवूलचं पॅनेल खरंच काम करतं. ५६ हर्ट्झला तेच पॅनेल नुसती शोभा.

५६वरचा फिल्टर ८ डीबी कापणारा, क्यू (फिल्टरचा अरुंदपणा) ५ ते ६. याहून अरुंद करण्याचा मोह टाळा. नाशकात जानेवारीच्या पहाटे हॉल १७ अंशांवर असतो, एप्रिलच्या दुपारी ३५वर. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि घुमणं जवळजवळ २ हर्ट्झ वर सरकतं. सुईसारखा फिल्टर थंडीत बरोबर बसतो आणि उन्हाळ्यात बाजूलाच कापत राहतो. तीनशे हर्ट्झच्या वर मात्र हात आखडता ठेवा. तिथली वळणं माइक वीतभर हलवला तरी बदलतात.

एवढं करून शोकेसची काच झणझणत असेल तर २० ते २०० हर्ट्झचा संथ स्वीप लावून एकेका वस्तूवर हात ठेवत जा. बहुतेकदा दोषी माळ्याचं दार किंवा खिडकीची जाळी निघते. फेल्टचा तुकडा लावला की झालं.

स्पीकरमधला लिनिअर फेज मोड (सगळे सूर एकाच वेळी कानाला पोचवणारा) गाण्यासाठी ठीक, पण त्यात आवाज काही दशांश मिलिसेकंद नव्हे, कित्येक दहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि बहुतेक टीव्हींना चित्र थांबवता येत नाही. बातम्या बघताना निवेदिकेचे ओठ आधी हलतात. टीव्हीसाठी वेगळा, कमी विलंबाचा प्रीसेट (सेटिंग्जचा संच) सेव्ह करून ठेवा.