तेवीस तारखेचा चौकोन

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५. रात्रीचे साडेअकरा.

आज एकादशी होती हे संध्याकाळी, पोळी खाऊन झाल्यावर लक्षात आलं. खात्री करायला कालनिर्णयापाशी गेले, तर २३ तारखेचा चौकोन कोरा. म्हणजे पुसलेला. कागद थोडा खरवडला गेलाय, बोट फिरवलं की कळतं. तिथे मी जूनमध्ये शिसपेन्सिलीनं लेकीची 'सॅट' लिहिली होती, अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, आणि खाली 'पावणेआठला दारात'.

घरात खोडरबर वापरणारी एकच व्यक्ती आहे, जिला मी नऊ वर्षं घरीच शिकवतेय. तिच्या खोलीत अजून दिवा आहे. मी विचारलेलं नाही.

आधी वाटलं, हे आजीचं काम. रविवारी फोनवर सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, तेवीसला शनी अमावस्या आहे. पोरीला अमावस्येला कुठे परीक्षेला पाठवतेस?" मी हसले, विषय बदलला आणि फोन ठेवल्यावर गुपचूप हिशेब केला. अमावस्या तिकडे सकाळी साडेअकराच्या पुढेमागे संपते. म्हणजे आमच्या न्यू जर्सीत पहाटे दोनला. परीक्षा आठला. तोवर प्रतिपदा लागलेली असणार. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईनं हा हिशेब केला, हे या पानाबाहेर जाऊ नये.

पण आजीचं ऐकून पुसणारी ती नव्हे.

माझी आखणी चांगली होती. आत्ताही म्हणते, चांगली होती. अकरावी सुरू व्हायच्या आत, ऑगस्टमध्ये पहिली सॅट. ऑक्टोबरमध्ये पीसॅट, म्हणजे सॅटची धाकटी बहीण, कारण नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीतलीच धरतात. मग हिवाळाभर जिथे कच्चं असेल तिथे घोटायचं आणि १४ मार्चला दुसरी सॅट. पुष्कळ कॉलेजं दोन्ही वेळचं चांगलं तेवढं उचलतात, गणित एकातलं, इंग्रजी दुसऱ्यातलं. मेमध्ये एपी, म्हणजे एकेका विषयाच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा. आणि तरीही काही राहिलंच तर ६ जून. म्हणजे बारावीतला ऑक्टोबर निबंधांना मोकळा. पुढच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला पहिले अर्ज जायचेत, तेव्हा परीक्षेचा 'प'सुद्धा घरात नको. एवढं सगळं मी पाच महिन्यांच्या पानांवर लिहून काढलं होतं. तिनं एकच पुसलं. पहिलंच.

सॅटचं त्यातल्या त्यात सोपं आहे, आपलं आपण नाव नोंदवता येतं. शाळेचा क्रमांक विचारतात, तिथे ९७०००० घालायचा. घरी शिकणाऱ्या देशभरातल्या सगळ्या पोरांचा हाच एक क्रमांक. पीसॅट आणि एपीला मात्र कुठल्यातरी शाळेनं आपल्याला आत घ्यावं लागतं. आणि शाळेनं घ्यायलाच हवं असं काही नाही. एपी मेमध्ये असली तरी शाळा प्रश्नपत्रिका नोव्हेंबरातच मागवून मोकळ्या होतात, त्यामुळे सप्टेंबरातच दारं ठोठवायची. एका शाळेनं गेल्या वर्षी एपीला बसू दिलं. फार चांगल्या बाई होत्या, त्या आता तिथे नाहीत. दुसऱ्या शाळेला पीसॅटचं विचारून तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आजोबा पुण्यात वार लावून जेवत शिकले, सोमवारी या वाड्यात, मंगळवारी त्या. त्यांच्या पणतीचं अमेरिकेत तेच चाललंय. फक्त जेवणाऐवजी बाक मागत फिरायचं, आणि फिरायचं मी.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "अगं, एक परीक्षा आहे." याला सगळं एकच असतं.

एक परीक्षा नाहीये ती. गुणपत्रकावर रसायनशास्त्रात 'ए' आहे. कोणी दिला? मी. इतिहासात 'ए'. मी. पुढच्या वर्षी कॉमन ॲपवर, म्हणजे कॉलेजांच्या सामायिक अर्जावर, समुपदेशक म्हणूनही माझंच नाव असणार, शाळेची ओळख मीच लिहिणार, शिफारसपत्र मीच. आईच्या हातच्या आमटीला आणि आईच्या हातच्या 'ए'ला बाहेर बाजारभाव नसतो. पूर्वी एकेका विषयाच्या वेगळ्या सॅट होत्या, आमच्यासारख्यांना तो मोठा आधार होता. त्या २०२१ मध्ये बंद केल्या, ती सहावीत असताना. मग वर्षभर सगळीकडे मुख्य सॅटही 'द्या नाहीतर नका देऊ', आणि मला वाटलं सुटलो. २०२२ मध्ये एमआयटीनं सॅट परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, हार्वर्ड, रांगेनं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर गुण दिले तरी बघत नाहीत. मग तिथे ते बघणार काय, माझा 'ए'? याचीही मला भीतीच वाटते. परीक्षा घेतली तरी भीती, नाही घेतली तरी भीती.

खरं सांगायचं तर न्यू जर्सीत होमस्कूल करताना कोणाला कळवावंसुद्धा लागत नाही. दुसरीत तिला शाळेतून काढलं तेव्हापासून नऊ वर्षं. या नऊ वर्षांत एकाही सरकारी माणसानं येऊन विचारलं नाही की बाई, तुम्ही या मुलीला काय शिकवता. मी हे मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. हल्ली रात्री वाटतं, कोणीतरी यायला हवं होतं. दरवर्षी नाही, तिसरीत एकदा, सहावीत एकदा. वह्या बघून मान हलवली असती, चहा पिऊन गेलं असतं. मग नऊ वर्षांचं सगळं मिळून एका शनिवारी २ तास १४ मिनिटांत आलं नसतं.

दहावीला माझा नंबर दुसऱ्या शाळेत आला होता. भूमितीच्या पेपरला बाबा रजा काढून फाटकाबाहेर उभे होते, हातात थर्मास. ते असो.

आणि ती परीक्षा तरी आमच्या वेळेसारखी कुठे आहे? लॅपटॉपवर. पहिला भाग बरा गेला तर दुसरा अवघड येतो. चुका झाल्या तर दुसरा सोपा येतो, आणि सोपा आला की वरचे गुण गेलेच. म्हणजे सोपं वाटलं की घाबरायचं. जुलैत तिनं घरी सराव परीक्षा दिली तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता घासत होते. बाहेर आल्यावर तिनं गुण सांगायच्या आधी माझा चेहरा बघितला. मग सांगितले. चांगले होते. मी म्हटलं, "अजून साठ निघतील." त्यावर ती काही न बोलता मागच्या अंगणात मधमाश्यांकडे गेली.

हे मला आत्ता, लिहिताना आठवतंय. चेहरा बघितला ते.

ऑगस्टच का हवा होता मला? आखणीत बसतो म्हणून, हे बरोबर आहे. पण मार्चही आखणीत बसला असता. अकरावीतली पुष्कळ पोरं मार्चमध्येच सुरुवात करतात. ऑगस्ट मला हवा होता, कारण ऑगस्ट लवकर येतो.

इथवर लिहून पाणी प्यायला खाली गेले होते. जाता जाता कालनिर्णयाची पानं उलटली, उगाच, मार्चही पुसलाय का बघायला, इतक्यात आठवलं की हे कालनिर्णय डिसेंबरला संपतं. मार्च मी मागच्या पानावर दुधाच्या हिशेबाच्या रकान्यात लिहिलाय. पाच महिन्यांची पानं म्हणे. बरं तर बरं, कोणी बघितलं नाही.

तर ऑक्टोबर. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, ४ तारखेच्या चौकोनात, शाईच्या पेनानं, शनिवारची मराठी शिकवणी सोडून दिलेल्या मुलीच्या त्या गिचमिड अक्षरात:

माझी परिक्षा.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? 'री' दीर्घ हवी. नऊ वर्षं शिकवून 'परीक्षा' ऱ्हस्व. दुसरी प्रतिक्रिया यायला बराच वेळ लागला, फ्रिजला टेकून उभी होते. तिसरी म्हणजे हसू आलं. शाईनं लिहिलंय बाईसाहेबांनी, पुसता येऊ नये म्हणून. कोणाची लेक आहे.

ऑगस्टमध्ये मध काढायचा असतो, हेही असेल. तिचं तीन पेट्यांचं काम आहे, ते शाळेच्या गुणपत्रकात कुठल्या विषयाखाली घालायचं यावर मी गेला महिना डोकं खाजवतेय. ती त्याला विषय म्हणत नाही.

ठीक आहे, ४ ऑक्टोबर. पीसॅटच्याच महिन्यात येतं, दोन्ही एकत्र अंगावर. पण ते तिचं अंग. आखणी नव्यानं करावी लागेल, मी करणार नाही, म्हणजे फार नाही.

२३ तारखेची नोंदणी या शुक्रवारी बंद होतेय. जादा पैसे भरले तर त्यापुढच्या मंगळवारपर्यंत घेतात. हे मी तिला सांगितलेलं नाही.