आमची वाटचाल : भाग सरकला, तारांचं काय?

२०११ मध्ये भोसरीत एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर आम्ही दोघा मित्रांनी सुरुवात केली. पहिली ऑर्डर बोअरवेलच्या पंपांसाठी ड्राय रन बोर्डांची. पाणी संपलं की मोटर कमी करंट घेते, ते ओळखून रिले, म्हणजे मोटर बंद करणारा स्विच, पाडायचा, एवढंच काम.

नोकरीत होतो तेव्हा मी सर्किट कागदावर काढायचो. रेझिस्टर सरकवायचा म्हणजे खोडरबर घ्या, दोन्ही तारा पुन्हा ओढा. वेळखाऊ काम, पण कुठली तार कुठे गेली ते हाताला ठाऊक असायचं. सॉफ्टवेअर आलं आणि भाग माउसने ओढला की तारा आपोआप मागे यायला लागल्या. आम्ही खूश!

चौथ्या वर्षी त्याच बोर्डावर एक जादा कनेक्टर बसवायचा होता. जागा करायला ड्रॉइंगमध्ये करंट मोजणारा सगळा भाग उजवीकडे ओढला. ४० बोर्ड बनून आले, आणि काहींचा रिले कायम चिकटलेला, काहींचा हलेचना. पातळी ठरवणारा प्रीसेट स्क्रू फिरवून काही फरक नाही. एकाच लॉटमध्ये दोन तऱ्हा, म्हणजे आयसी बनावट, असं मीच ठरवलं. पासोड्या विठोबाजवळच्या आमच्या दुकानदाराला चार शब्द सुनावून एलएम३५८ ची, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या त्या आयसींची, पिशवी परत दिली. नव्या आयसींनीही तेच.

शेवटी भागीदाराने मल्टिमीटर लावला. आयसीच्या पिन २ आणि पिन ३ मध्ये बीप! तुलना ज्या दोन व्होल्टेजची करायची तीच एकमेकांना जोडलेली. मग आउटपुट कुठे झुकणार ते प्रत्येक आयसीच्या आतल्या दोन-तीन मिलीव्होल्टच्या फरकावर. ड्रॉइंग उघडलं तर ओढताना एका तारेचं टोक शेजारच्या तारेवर टेकलं होतं आणि सॉफ्टवेअरने तिथे आपणहून ठिपका टाकला होता. छापील कागदावर तो अगदी मुद्दाम दिलेला जोड वाटत होता. ४० बोर्डांचे ट्रॅक कटरने कापले. दुकानदाराकडे माफी मागायला गेलो, तर त्याने चहा मागवला आणि नव्या मालाचे भाव सांगायला लागला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. भाग सरकवताना तार तुटली तर तुटू दे; लोंबकळणारी पिन ईआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरमधली जोडण्यांची तपासणी, लगेच दाखवते. चुकून झालेला जोड मात्र तिला बहुतेक वेळा कायदेशीरच वाटतो. म्हणून सॉफ्टवेअरने भाग खाली ठेवण्याआधी विचारलं पाहिजे : या दोन वेगळ्या नेट (एकमेकांना जोडलेल्या तारांचे गट) आता एक होतायत, चालेल का?

आता आम्ही कीकॅड हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात एम दाबला तर भाग एकटा जातो, जी दाबला तर तारांसकट. ऑरकॅड हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ऑल्ट धरून ओढायची सवय असते, तिथे तारा सुटतात. मला दोन वेगळ्या कळाच बऱ्या वाटतात, निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. शिवाय महत्त्वाच्या प्रत्येक नेटला आम्ही नावाचं लेबल लावतो. दोन नावं एका तारेवर आली की ईआरसी ओरडते. मोठी हलवाहलव झाली तर आधीची आणि नंतरची नेटलिस्ट, म्हणजे कुठली पिन कुठे जोडली त्याची यादी, शेजारी ठेवून बघायची, हा नियम. नवीन पोरं कुरकुरतात, ‘सर, फक्त कनेक्टर सरकवलाय.’

मी कपाटातला कापलेल्या ट्रॅकचा बोर्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवतो.