दोन इंचांचा सकर

आमच्या माशांच्या टाकीत सकर, म्हणजे काचेवरचे शेवाळ खाणारा मासा, आला तेव्हा तो जेमतेम दोन इंचांचा होता. "काका, एक सकर सोडा, काच पुसायचं कामच उरणार नाही," असे दुकानदार म्हणाला. तो पुढे केवढा होतो हे त्याने सांगितले नाही आणि मेथीची जुडीसुद्धा चार वेळा उलटीपालटी करून घेणाऱ्या मीही ते विचारले नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो. अडीच वर्षांत आमचा फूटभर झाला आणि टाकी मात्र दोन फूट लांब, एक फूट रुंद तीच राहिली. त्याला वळायचे झाले की शेपूट काचेला टेकवून अंग धनुष्यासारखे वाकवावे लागे आणि त्या खटाटोपात मी हौसेने लावलेली रोपे उपटून वर तरंगत. शेवाळाची आवड लहानपणापुरतीच ठरली. आता रात्री दिवा मालवल्यावर त्याला काकडी लागते. चकती तरंगू नये म्हणून ती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडावी लागते आणि सकाळी काट्याभोवती नुसत्या सालीचे कडे उरलेले असते. बाकी सारे दोऱ्यासारखी लांब तपकिरी विष्ठा होऊन वाळूवर पसरते. तिच्यातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात राहतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, त्यामुळे स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा लागतो. दर रविवारी बादल्या वाहताना काच पुसण्याचे ते जुने काम फारच किरकोळ वाटते.

एका रात्री तो गोल्डफिशच्या कुशीला चिकटून तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडताना दिसला. त्याला वेगळे करण्यासाठी मी जाळी घातली, तर त्याने पाठीवरचे आणि कल्ल्यांमागचे पर ताठ केले, त्यांचे काटे जाळीत रुतले आणि शेवटी ओल्या टॉवेलात धरून जाळीच कात्रीने कापावी लागली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नदीत सोडा, पुण्य लागेल." पण भीमेवरच्या उजनी जलाशयात अशाच सकरांनी मच्छीमारांना जेरीस आणले आहे, जाळी फाटते आणि हाती लागलेल्या माशाला गिऱ्हाईक नसते. दुकानदाराकडे गेलो, तर त्याने कोपऱ्यातली टाकी दाखवली. तिच्यात लोकांनी परत आणलेले चार सकर एकमेकांवर रेलून पडले होते.

उरला उपाय चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीचा. तिच्यात साडेचारशे लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि वाळू सोडून नुसत्या पाण्याचेच वजन साडेचारशे किलो. आमचा तिसरा मजला आणि इमारत जुनी, म्हणून ओळखीच्या इंजिनिअरला बोलावले. त्याने खालची तुळई कुठून जाते ते पाहिले आणि हॉलमधल्या एकाच भिंतीशी खडूने रेघ मारून दिली. त्या भिंतीशी सध्या सोफा आहे. सोफ्याबद्दल घरात अजून बोलणे झालेले नाही.