प्लगिन दिसतच नाही ओ!

क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरसाठी मी एक छोटं प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहिलंय. नकाशावर शेताची हद्द आखली की क्षेत्र हेक्टर-आर आणि एकर-गुंठ्यांत सांगतं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बांधावर उभ्या माणसाच्या तोंडी गुंठे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, असल्या गुणाकारांना मी वैतागलो होतो.

क्यूजीआयएसच्या अधिकृत रिपॉझिटरीवर, म्हणजे जिथून लोक प्लगिन उतरवून घेतात तिथं, ते चढवलं, मंजूर झालं, मी निवांत. मग मोहोळहून मोजणीची कामं करणाऱ्या ओळखीच्याचा फोन. "सर, तुमचं प्लगिन दिसतच नाही ओ. स्पेलिंग बदलून बघितलं."

आधी मी त्याच्याच नेटवर संशय घेतला. घोळ माझा होता. प्लगिनची माहिती असते त्या मेटाडेटाच्या फाइलीत मी 'एक्सपेरिमेंटल' (अजून प्रयोगावर) या खुणेपुढे 'True' ठेवलेलं. काही बिघडलं तर आपल्यावर नको, एवढीच भीती. असं प्लगिन सेटिंगमध्ये वेगळी टिक केल्याशिवाय यादीत येतच नाही. आणि वर्णन काय, तर इंग्रजीतले दोन शब्द. जुळे सोलापुरात बसून मी ते कुणासाठी लिहिलं होतं कोण जाणे.

रविवारी नळाला पाणी यायचं होतं, पहाटेच उठलो होतो. टाकी भरेपर्यंत 'एक्सपेरिमेंटल' काढलं, माहितीचं पान नव्याने लिहिलं, इंग्रजीखाली मराठीतही. मुख्य अडचण ठळक लिहिली: गूगल अर्थवर आखलेल्या हद्दीची केएमएल फाइल अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असते, तिचं सपाट क्षेत्रफळ काढलं तर येणारा आकडा ना गुंठे, ना आर. आधी यूटीएममध्ये बदला, म्हणजे रेखांशांनुसार पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत. सोलापूर ४३ व्या पट्ट्यात, पण ७८ रेखांशाच्या पलीकडचं नागपूर ४४ मध्ये. मी आधी कोडमध्ये सरळ ४३ ठोकून दिला होता! आता प्लगिन रेखांश बघून पट्टा ठरवतं.

नवी झिप चढवली ती पहिल्यांदा परत आली, आत पायकॅशचं फोल्डर (पायथन आपोआप बनवतं त्या तात्पुरत्या फाइली) राहिलं होतं. प्लगिन क्यूजीआयएसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत चालतं, ती कमाल आवृत्तीही बघितली. ती लिहिली नाही तर ३ च्या प्लगिनला ३.९९ धरतात, म्हणजे ४ वर गेलेल्याला पुन्हा दिसणार नाही. पण नुसता आकडा वाढवून भागत नाही, नवं क्यूजीआयएस ज्यावर उभं आहे त्या क्यूटी ६ वर चालवून बघायला हवं. ते बाकी आहे.

मोहोळला फोन केला.

"दिसलं, दिसलं. पण सर, जुन्या उताऱ्यावर हिस्सा आणे-पैत आहे, ते कुठं टाकायचं?"