साडेतीन मिलिमीटर

अंतर मोजायचा कॅलिपर मी तीन वेळा शून्यावर आणला आणि पुन्हा लावला. आकडा तोच. २०८.५ मिलिमीटर.

शिल्प स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या कल्पनेवरचं, फांदीवरून ओघळणारं घड्याळ. हिरवट तपकिरी ब्राँझ, ३५० प्रतींच्या आवृत्तीतलं. मालक कित्येक वर्षं अतिवास्तववादी शिल्पं जमवणारे गृहस्थ. हे एक विकायचं होतं, म्हणून तपासायला आणलेलं. सोबतचं प्रमाणपत्र अस्सल होतं. कागद, शिक्का, क्रमांक, सगळं जुळत होतं. या व्यवसायात बहुतेकजण तेवढ्यावर थांबतात. कागद आधी बघायचा आणि वस्तू नंतर, ही रीत मला कधीच पटलेली नाही.

नुसती उंची मोजून उपयोग नसतो, कारण खालचा दगडी चौथरा बदललेला असू शकतो. मी शिल्पाच्या अंगावरचेच दोन बिंदू धरते. इथे घड्याळाची वरची कड आणि खाली लोंबणाऱ्या थेंबाचं टोक. याच आवृत्तीतली, मालकीचा इतिहास पक्का असलेली दोन शिल्पं मी पूर्वी मोजली होती. दोन्हींत हे अंतर २१२ मिलिमीटर भरलं होतं.

मेणाच्या ओतकामात रबरी साच्यातून मेणाची प्रत काढतात, तिच्यावर उष्णता सोसणारं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. थंड होताना ते साधारण दीड ते दोन टक्के आक्रसतं. एका साच्यातल्या सगळ्या प्रती सारख्याच आक्रसतात, म्हणून एकमेकींना जुळतात. पण तयार ब्राँझवरून कुणी नवा साचा घेतला, की धातू दुसऱ्यांदा आक्रसतो. इथे साडेतीन मिलिमीटर गेले होते.

मग भिंग घेतलं. मेणात कोरलेल्या सहीच्या कडा ओतल्यावरही टोकदार राहतात. इथे त्या चोळून बोथट केल्यासारख्या, आणि तळ भरलेला. घड्याळावरचे आकडेही तसेच. क्रमांक मात्र नवा, लखलखीत कडांचा, थेट धातूवर ठोकलेला. त्याच्याभोवती घासल्याची खूण होती, जुना क्रमांक बुजवल्याची. अस्सल पॅटिना म्हणजे तापवलेल्या धातूवर क्षार लावून आणलेला रंग. तो धातूला धरून असतो. इथे तळाशी ॲसिटोनचा बोळा फिरवला तर हिरवा रंग बोळ्यावर आला.

दालीच्या बाबतीत लोक छापचित्रांना घाबरतात. १९७४ मध्ये फ्रेंच सीमेवर त्याच्या सहीचे ४०,००० कोरे कागद एका ट्रकमध्ये सापडले होते, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. अशा कागदावर कुणीही काहीही छापावं, सही खरीच. ब्राँझ जड असतं, म्हणून ते खरं वाटतं. फ्रान्समध्ये मूळ शिल्प म्हणून ८ क्रमांकित प्रती आणि प्रघाताने कलाकारासाठी ४, एवढ्याच धरतात. ३५० प्रतींना ‘मर्यादित’ म्हणणं मला जड जातं. इतक्या प्रती जगभर पसरल्यावर एकाच क्रमांकाची दोन शिल्पं शेजारी येण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. नक्कल करणारा त्याच्याच भरवशावर असतो.

मालकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण मॅडम, तीन वर्षांपूर्वी विम्यासाठी किंमत तुम्हीच ठरवली होती ना?”

ठरवली होती. फोटोवरून. संध्याकाळी ती फाइल उघडली आणि सहीचा फोटो मोठा केला. कडा टोकदार होत्या, आकडे स्वच्छ. फोटोतलं शिल्प अस्सल होतं.

मी त्यांना फोन केला. “हे फोटो तुम्ही घरी काढले होते का?”

“नाही हो, विकणाऱ्याने पाठवले होते. तेच तुम्हाला पुढे धाडले.”

म्हणजे मी मोल केलं एका शिल्पाचं आणि विमा उतरला दुसऱ्याचा. अस्सल शिल्प आपलं प्रमाणपत्र गमावून कुठेतरी उभं आहे. फोटो कुणी काढला, हा एक प्रश्न मी तेव्हा विचारला नव्हता. नव्या अहवालात मोजमापं, सही, रंग, सगळं तासाभरात लिहून झालं. ‘माझं पूर्वीचं मूल्यांकन मी मागे घेत आहे’ ही ओळ लिहायला दोन दिवस गेले.