सापळा हलवायचा कधी?

कॅनडातल्या युकॉनमध्ये, व्हाइटहॉर्सला आल्यापासून हिवाळ्यात मी शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर त्याच्या लाइनवर, म्हणजे जंगलात ओळीने लावलेल्या सापळ्यांच्या वाटेवर जातो. मार्टेनसाठी (मुंगसाएवढा, फरसाठी पकडला जाणारा प्राणी) लावलेली लाकडी खोकी, आत 120 नंबरचा, जनावराला जागीच मारणारा सापळा आणि बीव्हरच्या मांसाचा तुकडा. (आई फोनवर विचारते, "अरे, बघवतं कसं तुला?" सवय होते, एवढंच.)

खोकं रिकामं दिसलं की माझे हात ते उचलायला शिवशिवतात. म्हातारा आधी बर्फ बघतो. उणे चाळीसच्या थंडीत मार्टेन फारसा फिरतच नाही, तेव्हाच्या रिकाम्या खोक्यावरून काहीच ठरवायचं नाही. ताजा बर्फ पडून दोन-तीन दिवस गेले की माग बघायचे. जोडीजोडीने उमटलेले ठसे खोक्याजवळून सरळ पुढे गेले असतील, तर जागा बरोबर आहे, गोठलेल्या आमिषाला वास उरलेला नाही. माग मुळीच नसतील, तर मात्र खोकं हलवायचं.

पण सापळे काढायचं खरं कारण वेगळंच असतं. सुरुवातीला बहुतेक कोवळे नर सापडतात. पुढे पूर्ण वाढलेल्या, पिल्लं देणाऱ्या माद्या जास्त येऊ लागल्या, की म्हातारा तो भाग बंद करतो. मुद्दलाला हात लावायचा नाही! इथले सापळे लावायचे बहुतेक पट्टे एकेकाच्या नावावर नोंदलेले असतात, त्यामुळे ओरबाडलं तर भोगायचंही आपणच.

गेल्या शनिवारी ओढ्याकाठचे सगळे सापळे मिटवले. ते टेकडीमागच्या जुन्या स्प्रूसच्या झाडीत लावायचे का, यावर आमचा वाद अजून चालूच आहे.