नारळ नेमका कशाचा

"देव मानत नाही म्हणता, मग दरवर्षी गावी जाऊन नारळ कसले ठेवता? लाचच की ती!" हे मला ऑफिसात विचारलं गेलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, एकदा तर दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना विचारलं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

लाचेचा आरोप जुना आहे, आणि तो भाविकांनीच केलेला आहे. नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा, असं तुकोबा विचारून गेले. कुर्बानीचं मांस-रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती निष्ठा, हे कुराणातलंच. बायबलमधला संदेष्टा आमोस तर देवाच्या तोंडूनच वदवतो की तुमचे सण आणि होमबळी मला नकोत. तरी देणारे देतच राहिले. ज्यूंचं जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये पाडलं, तिथले पशुबळी संपले. पण आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, फळं आणि ओलं खोबरं. कोकणात राहून खोबरं चुकतंय कुठे?

आमच्या सिंधुदुर्गात मात्र 'लाच' हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. शब्द आहे 'मान'. देवाचा मान, गाव राखणाऱ्या राखणदाराचा मान. गावकर नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घालतो: "बा देवा म्हाराजा, ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मानून घे, लेकरांचा काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!" मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" लग्नात मामाला टोपी-टॉवेल द्यायचा राहिला की मामा रुसतो, तसाच आमचा देव. टॉवेलाची त्याला गरज नसते, मामालाही नसते. आपल्याला विसरले, हे दुखणं.

आईचे गुडघे गेले तेव्हा शेजारच्या मेरीआंटीबरोबर मी तिला वांद्र्याच्या जत्रेत नेलं, मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला. चढणीवर दुतर्फा माउलीला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला मांडलेली. आईने एक पाय उचलला, उलटसुलट करून बघितला नि विचारलं, "ह्यो डावो की उजवो?"

"मावशी, माउलीला कळतं."

आईला ते पटलं नाही. दोन घेतले. माउलीपुढे हात जोडून ती पुटपुटत होती. मी कान दिला, तर ते गाऱ्हाणंच होतं, "म्हाराजा"च्या जागी "माउली" घातलेलं. मेरीआंटी शेजारी डोळे मिटून आपल्या कोकणीत काहीतरी सांगत होती.

गुडघे पुढे ऑपरेशनने बरे झाले. बिल मी भरलं, आकडा आईला सांगितला नाही. डिस्चार्जच्या दिवशी तिने मला खाली पिटाळून शेंडीचा नारळ मागवला आणि सर्जनच्या टेबलावर ठेवला.

"आजी, पैसे मिळाले मला. हे कशाला?"

"ते कामाचे. ह्यो तुमचो मान."

त्याने कॉम्प्युटर बाजूला सरकवला, उभा राहिला आणि नारळ दोन्ही हातांनी घेतला.